मुलगी जर्मनीला जाणार, म्हणून पैसे आत्ताच युरोपच्या फंडात टाकावेत का?

केळीबाग, रावेर

राम राम मंडळी.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. थोरली मुलगी जळगावला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. पुढचं शिक्षण जर्मनीत घ्यायचं हे तिनं पक्कं केलंय, जर्मन भाषेचा क्लासही लावलाय. सगळं जुळून आलं तर 2027 च्या ऑक्टोबरात तिचं तिकडचं पहिलं सत्र सुरू होईल.

पैशाचं असं आहे. एका सहकारी बँकेत 14 लाखांची ठेव आहे, तिची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. यंदाच्या कटाईतून खर्च वजा जाता 8 लाख बाजूला काढलेत. पीककर्ज वेळेवर फेडतो, दुसरं देणं नाही.

परवा म्युच्युअल फंडाचं काम करणारे ओळखीचे एक गृहस्थ घरी आले होते. युरोपातल्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडाचं माहितीपत्रक त्यांनी पुढे ठेवलं. त्यात परताव्याचं कोष्टक होतं. त्यांनी बोट ठेवलं एक वर्षाच्या आकड्यावर, आणि तीन व पाच वर्षांचे आकडे कागदाच्या खालच्या घडीत गेले होते. मी घडी उघडून पाहिली. ते आकडे बरेच खाली होते.

त्यांचं म्हणणं असं, की युरोपात व्याजदर निम्म्यावर आलेत, त्यामुळे तिकडचा बाजार आता चढणारच. रुपया घसरतोय, त्याचा फायदा वेगळा. शिवाय पोरगी तिकडे जाणार, मग पैसाही तिकडेच असावा. 22 च्या 22 लाख एकरकमी टाका म्हणाले.

शेवटचा मुद्दा मला पटतो, हे खरं सांगतो. बाकी दोन ऐकायला बरोबर वाटले, पण झोप लागली नाही. तिकडे महागाई पुन्हा भडकली आणि व्याजदर परत चढले तर? आपल्याकडे मे-जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग तासाभरात आडवी होते आणि त्या वर्षाची कमाई गेली. सीएमव्ही या केळीच्या विषाणूरोगानं गेल्या काही वर्षांत शेजारच्या शिवारातली कोवळी रोपं उपटून टाकायला लावली, ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ही रक्कम माझ्यासाठी नुसती बचत नाही. ती गेली तर तेवढी पुन्हा कधी जमेल, सांगता येत नाही.

सासरे म्हणतात जळगावच्या सराफ्यातून सोनं घेऊन ठेव. मुलगी म्हणते, पप्पा, तुम्ही कर्ज काढा, मी फेडीन. जाणकारांनी मार्ग सांगावा.

सातपुडा, शिरपूर (सध्या पुणे)

दादा, एकरकमी 22 लाख कुठल्याच एका फंडात नको. युरोप असो की आणखी काही.

आपल्याकडे मिळणारे युरोपचे फंड बहुतेक ‘फंड ऑफ फंड’ असतात. म्हणजे तुमचे पैसे इथली कंपनी घेते आणि ते परदेशातल्या दुसऱ्या फंडात टाकते. उदाहरणार्थ, एडलवाइजचा युरोप डायनॅमिक इक्विटी ऑफशोअर फंड जेपी मॉर्गनच्या लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या फंडात पैसे लावतो. त्यामुळे खर्च दोन पातळ्यांवर कापला जातो, एकदा इथे आणि एकदा तिथे. घ्यायचाच झाला तर डायरेक्ट प्लॅन घ्या, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं.

दुसरं, परदेशी फंडांवर सरकारी मर्यादेची टांगती तलवार असते. सगळ्या भारतीय म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात 7 अब्ज डॉलरपर्यंतच गुंतवणूक करता येते. ती भरत आली तेव्हा 2022 च्या सुरुवातीला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं नवे पैसे घेणं थांबवायला लावलं होतं. पुढे जूनमध्ये अंशतः उघडलं. पैसे काढायला तेव्हाही अडचण नव्हती, पण ज्यांचे मासिक हप्ते चालू होते त्यांच्यातल्या अनेकांचे हप्ते बंद पडले. हप्त्याची योजना आखताना हे लक्षात असू द्या.

नाना, फैजपूर

मी बँकेत होतो, नोकरीची शेवटची बरीच वर्षं परकीय चलनाच्या विभागात गेली. आता फैजपूरला घरीच असतो. तुम्ही कागदाची घडी उघडून पाहिलीत हे वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या गृहस्थांनी तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. त्या सुट्या करू.

आधी व्याजदर. युरोपची मध्यवर्ती बँक, म्हणजे फ्रँकफर्टची ईसीबी. तिनं जुलै 2022 मध्ये अकरा वर्षांत पहिल्यांदा दर वाढवला. तोवर तिकडच्या बँकांनी तिच्याकडे पैसे ठेवले तर व्याज मिळायचं सोडाच, उलट अर्धा टक्का कापला जाई. तिथून सप्टेंबर 2023 पर्यंत तोच दर 4 टक्क्यांवर गेला. कारण महागाई. रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, गॅसचे भाव भडकले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये युरो वापरणाऱ्या देशांतली महागाई 10.6 टक्क्यांवर पोचली. ती निवल्यावर जून 2024 पासून कपात सुरू झाली. जून 2025 मध्ये दर 2 टक्क्यांवर आला आणि तिथे थांबला. ‘निम्म्यावर आले’ हे खरंच आहे.

पण बाजारानं या काळात काय केलं ते पाहा. स्टॉक्स युरोप 600 नावाचा निर्देशांक आहे, त्यात युरोपातल्या 17 देशांच्या 600 कंपन्या येतात. 2022 साली, दर चढू लागले तेव्हा, तो साधारण 13 टक्के पडला. 2023 मध्ये दर सप्टेंबरपर्यंत चढतच होते, तरी निर्देशांक साधारण 13 टक्के वर गेला. 2024 मध्ये दर उतरायला लागले, तेव्हा वाढ 6 टक्क्यांच्या आसपासच झाली. म्हणजे दर चढताना एकदा पडला, एकदा चढला, आणि उतरताना थोडाच वाढला. याचं कारण सोपं आहे. ईसीबी दर बदलते तोवर बाजारानं तो बदल कधीच किमतीत धरलेला असतो. जी बातमी रावेरपर्यंत माहितीपत्रकातून पोचली, ती फ्रँकफर्ट आणि लंडनच्या लोकांना तुमच्या आधी दीड-दोन वर्षांपासून दिसत होती. तिच्यावर आता पैसे मिळायचे नाहीत.

पुढचा दर कुठे जाईल हे ईसीबीसुद्धा आधी सांगत नाही. प्रत्येक बैठकीत आलेले आकडे बघून ठरवू, एवढंच ती म्हणते. एका बाजूला जर्मनीनं मार्च 2025 मध्ये कर्जावरचा घटनात्मक लगाम सैल केला आणि पायाभूत कामांसाठी 500 अब्ज युरोंचा निधी उभा करायचं ठरवलं. एवढा पैसा बाजारात आला की महागाई आणि व्याज दोन्ही वर जाऊ शकतात. दुसऱ्या बाजूला अमेरिकेनं 2025 मध्ये युरोपच्या बहुतेक मालावर 15 टक्के आयातशुल्क लावलं, त्यानं कारखानदारी थंडावली तर दर आणखी खालीही येतील. मी इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण व्याजदराच्या अंदाजावर कुणाच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे लावायला मी कधीच सांगणार नाही.

शिवाय ‘युरोपचा फंड’ म्हणजे एकच चीज नव्हे. दर चढले की तिकडच्या बँकांना फायदा होतो. उणे व्याजाच्या काळात त्यांची कमाई आटली होती, ती 2022 नंतर परत आली. त्याच वेळी कर्जावर घरं बांधून भाड्यानं देणाऱ्या जर्मन कंपन्यांचे शेअर झोपले. चिप बनवायची यंत्रं विकणारी नेदरलँड्सची एएसएमएल, औषधांतल्या नोवार्टिस आणि रोश, खाण्यापिण्याची नेस्ले, या कंपन्यांचा माल जगभर जातो. त्यांचा नफा तैवानमधली मागणी किंवा अमेरिकेतले औषधांचे भाव यांवर जास्त हलतो. मध्यवर्ती बँकेच्या एका बैठकीनं तो ठरत नाही.

आता चलन, ज्यात माझं आयुष्य गेलं. त्या एक वर्षाच्या आकड्याचं रहस्य इथे आहे. जानेवारी 2025 मध्ये एक युरो 88-89 रुपयांना मिळत होता. 2025 संपताना तो 105 च्या आसपास होता. म्हणजे कंपन्यांनी काहीही केलं नसतं तरी नुसत्या युरोमुळे 18 टक्क्यांच्या आसपास वाढ फंडात दिसली असती. बऱ्हाणपूरच्या केळीबाजाराच्या बोर्डावर भाव चढला म्हणून आपल्या घडाचं वजन वाढत नाही, तसंच हे.

‘रुपया घसरतो, युरो वाढतोच’ हेही सरसकट खरं नाही. डॉलरच्या बाबतीत लोकांना तशी सवय झाली आहे. पण ऑगस्ट 2013 च्या पडझडीत युरो 90 रुपयांच्या वर गेला होता, आणि सप्टेंबर 2022 मध्ये तो 80 च्या खाली होता. नऊ वर्षांनी स्वस्त! 2022 च्या त्या सप्टेंबरपर्यंत तर रुपया डॉलरपुढे घसरत असताना युरो त्याहून जास्त घसरत होता, काही आठवडे एका युरोला एक डॉलरही येत नव्हता.

आणखी एक. युरोपच्या फंडातला सगळा पैसा युरोत नसतो. ब्रिटनच्या कंपन्या पौंडात, स्वित्झर्लंडच्या फ्रँकमध्ये, स्वीडनच्या क्रोनात. स्टॉक्स 600 मध्ये युरोचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास धरा. मग ‘पोरगी तिकडे जाणार म्हणून पैसा तिकडे’ हे गणित निम्मंच बसतं.

तरी तो तिसरा मुद्दा तुम्हाला पटला, यात तुमचं काही चुकलं नाही. तुमचा खर्च खरोखर युरोत होणार आहे. युरो महाग झाला तर तुमची गरज वाढणार, स्वस्त झाला तर कमी होणार. त्यामुळे थोडी जमा युरोत असणं शहाणपणाचं आहे. पण शेअरचा फंड घेतला की युरोबरोबर बाजाराची जोखीमही गळ्यात पडते. 2027 च्या उन्हाळ्यात, तुम्हाला पैसे काढायचे असतील नेमक्या त्या महिन्यात, बाजार 20 टक्के खाली असला तर विद्यापीठ तुमच्यासाठी थांबणार नाही.

किती थांबावं लागू शकतं, तेही सांगतो. युरो वापरणाऱ्या देशांतल्या 50 मोठ्या कंपन्यांचा जो युरो स्टॉक्स 50 निर्देशांक आहे, त्यानं मार्च 2000 मध्ये गाठलेला उच्चांक ओलांडायला 2025 साल उजाडलं. लाभांश वेगळा मिळत राहिला हे खरं, पण निर्देशांकाला पंचवीस वर्षं लागली.

तुमच्या मुलीला दोन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरच्या कुठल्याही फंडात नको. भारताच्या नको, अमेरिकेच्या नको, युरोपच्याही नको. व्याजदर काहीही होवोत.

भुसावळची आई

दादा, माझा मुलगा तिकडे शिकतो, म्हणून प्रत्यक्ष खर्चाचं लिहिते. नानांनी चलनाचं सांगितलं, मी महागाईचं सांगते, कारण ती आम्ही हातानं मोजली.

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घ्यायचा तर एक ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडून त्यात वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरावे लागतात. मग मुलाला तिथे पोचल्यावर ते दरमहा ठरलेल्या रकमेनं मिळतात. ही रक्कम जर्मन सरकार ठरवतं. 2021 मध्ये ती वर्षाला 10,332 युरो होती. महागाई भडकल्यावर जानेवारी 2023 पासून 11,208 झाली. सप्टेंबर 2024 पासून 11,904 झाली, म्हणजे महिन्याला 992. तीन-चार वर्षांत 15 टक्के वाढ, आणि ती युरोत. वर युरो महाग झाला तो वेगळाच. तुमची मुलगी जाईपर्यंत हा आकडा पुन्हा बदलू शकतो, तेव्हा थोडं वाढवूनच धरा.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते, फक्त दर सत्राची थोडी वर्गणी असते. पण सगळीकडे नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या देशांच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं 2024 च्या हिवाळी सत्रापासून अशीच फी सुरू केली, ती त्याहूनही जास्त आहे. विद्यापीठ निवडताना मुलीनं हे बघायला हवं. यात जेवढा फरक पडतो तेवढा कुठलाही फंड मिळवून देणार नाही. आरोग्य विमा महिन्याला 140 युरोंच्या घरात जातो. आणि एपीएसचं प्रमाणपत्र (इथल्या गुणपत्रिका खऱ्या आहेत हे तपासून जर्मनीकडून मिळतं ते) भारतीय मुलांना नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं आहे. त्याला वेळ लागतो, गुणपत्रिका हातात आल्या की लगेच अर्ज करायला सांगा.

पोरगी हुशार दिसते, क्लास लावलाय म्हणजे अर्धं काम झालं. भाषा येत असली की विद्यार्थ्याला तिथे अर्धवेळ काम लवकर मिळतं, आणि पहिल्या वर्षानंतर घरचा भार हलका होतो. आमच्याकडे तसंच झालं.

केळीबाग, रावेर

ताई, नाना, शिरपूरचे भाऊ, तिघांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी मुलीला बसवून सगळं वाचून दाखवलं. तिनं लगेच कागद घेतला आणि 11,904 ला 105 नं गुणलं, साडेबारा लाख झाले. मग 115 नं गुणलं, पावणेचौदा लाखांच्या जरा आत आलं. म्हणाली, पप्पा, मला विमान पकडायच्या आधीच एवढे लागणार, मग 22 मधलं उरलं किती?

नाना, तीनेक प्रश्न राहिलेत. आत्ताच युरो विकत घेऊन कुठे ठेवता येतील का? थोडे पैसे तरीही त्या फंडात टाकावेत का, की नावच काढू नये? धाकटा मुलगा अजून आठवीत आहे, त्याच्यासाठी दहा वर्षं हात लावायची गरज नाही असे काही पैसे असू शकतात. आणि कर्जाचं काय?

नाना, फैजपूर

मुलीनं दुसऱ्यांदा 115 नं गुणलं, हे फार आवडलं. घरात हिशोब करणारं माणूस आहे.

युरो घेऊन ठेवण्याचं. परकीय नोटा घरात साठवायचा विचारही नको. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण पाठवलेले पैसे न गुंतवता, न वापरता 180 दिवसांहून जास्त नुसते पडून ठेवता येत नाहीत, परत आणावे लागतात. जुलै 2024 पासून गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या बँक शाखांमध्येही परकीय चलनात खातं उघडायची मुभा आहे, तिथे ठेव करता येते. युरोतल्या ठेवीची सोय आणि अटी तुमच्या बँकेला विचारून घ्या.

मात्र त्यातलं गणित समजून घ्या. युरोच्या ठेवीवर व्याज 2 टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडच्या ठेवीवर 6 ते 7. म्हणजे युरो धरून ठेवायची किंमत वर्षाला 4-5 टक्के. युरो दरवर्षी तेवढा महाग झाला तरच बरोबरी. 2025 मध्ये तो त्याहून कितीतरी जास्त झाला, पण त्याआधीच्या नऊ-दहा वर्षांत सरासरी वर्षाला तेवढा झाला नव्हता. म्हणून मी तुम्हाला असं सुचवीन: पहिल्या वर्षाचे पैसे, पावणेचौदा नव्हे तर 15 लाख धरून, रुपयातच ठेवीत ठेवा, मुदत 2027 च्या मे-जूनमध्ये संपेल अशी. प्रवेशपत्र हातात आलं की युरो घ्या. प्रवेशच नक्की नसताना युरो घेऊन बसू नका. तिचा विचार बदलून ती आयर्लंडला गेली तर युरो कामी येतील, पण कॅनडाला गेली तर?

इथे एक गोष्ट विसरू नका. 14 लाख एकाच सहकारी बँकेत आहेत. ठेवीचं विमा कवच एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंतच असतं, मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्थेला तर ते कवच नाहीच. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांत पैसे अडकलेली किती घरं आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. युरोपच्या महागाईची काळजी करण्याआधी हे फेब्रुवारीतच मार्गी लावा. तुमच्या, बायकोच्या, मुलीच्या नावानं, दोन-तीन बँकांत विभागून.

उरले 7 लाख. त्यातले निदान 4 वादळाचे म्हणून बाजूला, सहज काढता येतील असे. बाग आडवी झाली तर रोपं, ठिबकच्या नळ्या, मजुरी, हे सगळं पुन्हा लागतं, आणि फळपीक विम्याचे पैसे यायला वेळ लागतो.

राहिले 3 लाख, धाकट्यासाठी, दहा वर्षांच्या बोलीनं. त्यातला एक लाख युरोपच्या फंडात जायला माझी ना नाही. तिथे तुम्हाला चांगल्या कंपन्या मिळतात, ज्या आपल्या शेअर बाजारात नाहीत, आणि सगळा पैसा एका देशाच्या पावसापाण्यावर अवलंबून राहत नाही. तोही एकदम नको, दर कटाईला थोडा. मासिक हप्ता शेतकऱ्याला जुळत नाही, तुमची आवक ज्या महिन्यांत येते त्या महिन्यांत टाका. बाकीचे दोन लाख इथल्या साध्या निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात. आणि ईसीबीनं दर वाढवला की फंड काढून घ्यायचा, कमी केला की टाकायचा, असं करणार असाल तर घेऊच नका.

सोन्याचं सासऱ्यांना नाराज करू नका. मुलीच्या लग्नाचं म्हणून जे हळूहळू घेत असाल ते चालू द्या, फक्त शिक्षणाच्या पैशातून नको.

कर्ज जरूर काढा, सगळं नाही तरी दुसऱ्या वर्षाचं. तिला फेडायचंय म्हणते तर फेडू द्या. कर्जातून बाहेर गेलेल्या पैशावर टीसीएसही (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापते तो कर) कापला जात नाही. करांचं पुढचं कुणी जाणकारानं सांगावं.

करसल्लागार, धुळे

नानांनी हाक दिली म्हणून लिहितो.

टीसीएसचं असं: स्वतःच्या पैशातून एलआरएसखाली वर्षाला 10 लाखांपर्यंत पाठवले तर काही नाही. वर शिक्षणासाठी कमी दरानं आणि गुंतवणुकीसाठी 20 टक्क्यांनी कापला जातो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेले तर अजिबात नाही. कापलेला टीसीएस बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तेवढे महिने पैसे अडकतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून तुम्ही विवरणपत्र भरत नसाल तर भरायला लागा. इथल्या म्युच्युअल फंड कंपनीचा युरोप फंड रुपयात घेतला तर तो एलआरएसमध्ये धरला जात नाही, त्यावर टीसीएस नाही, आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यातही तो दाखवावा लागत नाही.

अशा फंडाच्या नफ्याचा नियम मध्यंतरी बदलत राहिला, म्हणून जुने लेख वाचून गोंधळू नका. आत्ता 24 महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर 12.5 टक्के, त्याआधी काढला तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. भारतीय शेअर फंडांना मिळणारी सव्वा लाखाची सूट याला नाही.

कुणाच्या नावानं घ्यायचं, याचा विचार फेब्रुवारीतच करा. तुम्ही बायकोला पैसे देऊन तिच्या नावानं ठेव केली तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. मुलगी 18 वर्षांवरची आहे, तिला दिलेल्या पैशावरचं व्याज तिचंच, आणि तिचं दुसरं उत्पन्न नसेल तर कर लागणार नाही. म्हणून शिक्षणाची ठेव तिच्या नावानं जास्त सोयीची. पण ती परदेशी गेली की परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली अनिवासी ठरू शकते. मग तिचं बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं, करून घ्यावं लागतं, केवायसीत स्थिती बदलावी लागते, आणि म्युच्युअल फंड काढताना कर आधीच कापून हातात येतो. निवासी माणसाला करमुक्त मर्यादेतला न वापरलेला भाग दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो, अनिवासीला येत नाही. त्यामुळे दहा वर्षांचा तो युरोप फंड मुलीच्या नावावर नको, तुमच्या नावावर घ्या आणि तिच्या आईला नॉमिनी करा.

केळीबाग, रावेर

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. त्या गृहस्थांना उद्या फोन करून एकरकमी नको म्हणून कळवतो. फेब्रुवारीत ठेव सुटली की आधी बँका विभागण्याचं करू, विवरणपत्राचं धुळ्याच्या साहेबांना वेगळा निरोप करतो. ताई, एपीएसच्या अर्जाला कुठले कागद लागले आणि किती आधी तयारी केलीत, ते सवडीनं लिहाल का? मुलगी इथेच बसून वाट बघतेय.

भुसावळची आई

लिहिते ना. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पासपोर्ट एवढं आधी गोळा करून ठेवा. पासपोर्टवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव तंतोतंत जुळतं का ते आजच बघा. आमच्याकडे वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं होतं, ते दुरुस्त करण्यातच वेळ गेला. मुलीला मला निरोप पाठवायला सांगा, माझ्या मुलाशी तिचं थेट बोलणं करून देते.